संगणक-शंका : एकाच खोलीत, पण एकाच नेटवर्कमध्ये?

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे वेगवेगळ्या गावांची असली, तरी फिरून एकाच प्रश्नावर येतात : समोर दिसणारे दोन संगणक एकाच नेटवर्कमध्ये आहेत की नाहीत, हे ठरवायचे कसे? म्हणून या वेळी इतर विषयांची पत्रे बाजूला ठेवून हीच पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा आधार तेच आहे. उदाहरणे विंडोजवरची आहेत. कमांडची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत पेढी आहे. मागच्या खोलीतील जुन्या संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर असून प्रिंटरही त्यालाच जोडलेला आहे. पुढे गादीवर लॅपटॉप असतो. पूर्वी लॅपटॉपवरून पावती छापता येत असे. फायबरचे नवे कनेक्शन घेतल्यापासून लॅपटॉपवर मागचा संगणक दिसेनासा झाला आहे, इंटरनेट मात्र दोन्हींवर उत्तम चालते. लॅपटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१४ आहे आणि मागच्या संगणकाचा १९२.१६८.०.२२. आमचे दिवाणजी म्हणतात, दोन्ही पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात, तेव्हा नेटवर्क एकच आहे. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणतो, तिसरा आकडा वेगळा आहे, तेव्हा नेटवर्क वेगळे आहे. त्यात आणखी एक कोडे असे की, मागच्या संगणकावरून लॅपटॉपला पिंग केले, म्हणजे 'आहेस का?' असे विचारणारा छोटा निरोप पाठवला, तर उत्तर येते, पण लॅपटॉपवरून मागच्या संगणकाला केले तर येत नाही. यात बरोबर कोण?
— एक व्यापारी, सांगली

उत्तर : आपण पत्रात दोन्ही पत्ते काळजीपूर्वक लिहिले आहेत, पण ज्यावाचून निकाल देता येत नाही तो आकडा कळवलेला नाही. तो आकडा म्हणजे सबनेट मास्क. आपले दिवाणजी आणि तो मुलगा दोघेही नुसत्या पत्त्यांवरून बोलत आहेत, आणि नुसत्या पत्त्यांवरून दोघांचेही म्हणणे बरोबर ठरू शकते किंवा चूकही ठरू शकते.

लँडलाइनच्या एसटीडी कोडची आठवण करून पाहावी. सांगली-मिरजेचा कोड ०२३३ आणि साताऱ्याचा ०२१६२. सुरुवातीचे शून्य सोडले, तर सांगलीच्या क्रमांकात तीन अंक गावाचे आणि सात अंक घरचे असतात. साताऱ्याच्या क्रमांकात चार अंक गावाचे आणि सहा घरचे असतात. कोणी नुसते सलग दहा अंक लिहून दिले, तर गाव कोठे संपले आणि घर कोठे सुरू झाले हे त्या अंकांकडे पाहून कळत नाही, ते वेगळे माहीत असावे लागते. आयपी पत्त्याचेही असेच आहे. पत्त्याचा पुढचा भाग नेटवर्कचा असतो आणि उरलेला त्या संगणकाचा. ही फाळणी कोठे करायची, एवढेच सांगण्यासाठी मास्क असतो.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' असे टाइप केल्यास पत्ता, सबनेट मास्क आणि डीफॉल्ट गेटवे या तीन ओळी एकाखाली एक दिसतात. लहान दुकानांत आणि घरांत मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असा असतो. मास्कमध्ये जेथे २५५ आहे तेथील पत्त्याचा आकडा पूर्णपणे नेटवर्कचा असतो आणि जेथे ० आहे तेथील आकडा पूर्णपणे संगणकाचा असतो. तेव्हा हा मास्क असल्यास लॅपटॉपचे नेटवर्क १९२.१६८.१ आणि मागच्या संगणकाचे १९२.१६८.० असे होते, म्हणजे दुरुस्तीवाल्या मुलाचे म्हणणे खरे. मास्क २५५.२५५.०.० असता, तर केवळ पहिले दोन आकडे मोजले गेले असते आणि दिवाणजी जिंकले असते. मास्क २५५.२५५.२५४.० असता तरीही दिवाणजीच जिंकले असते, कारण त्या मास्कखाली तिसऱ्या जागेचे ० आणि १ हे एकाच जोडीत येतात. पण त्याच मास्कखाली १ आणि २ एका जोडीत येत नाहीत, त्यामुळे 'शेजारचा आकडा म्हणजे एकच नेटवर्क' असा नियमही करता येत नाही.

हा हिशेब आपण कागदावर करतो म्हणून त्याला महत्त्व आहे असे नाही. संगणक स्वतः प्रत्येक वेळी हाच हिशेब करतो. कोणालाही काही पाठवण्याआधी तो स्वतःच्या मास्कने स्वतःचे नेटवर्क काढतो, त्याच मास्कने समोरच्याचे नेटवर्क काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. ती जुळली, तर आपल्या तारेवर किंवा वायफायवर सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने 'हा पत्ता कोणाचा आहे?' असे विचारतो आणि ज्याचे उत्तर येईल त्याच्याकडे थेट माल सोपवतो. विचारण्याच्या या पद्धतीला एआरपी म्हणतात आणि तिचा आराखडा १९८२ पासूनचा आहे. नेटवर्के जुळली नाहीत, तर संगणक समोरच्याला शोधण्याच्या फंदात पडतच नाही. तो सगळा माल गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे, देऊन मोकळा होतो.

यावरून लक्षात यावे की, 'एकच नेटवर्क' या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे संगणकाने आकड्यांवरून बांधलेली समजूत, आणि दुसरी म्हणजे तारा आणि वायफाय यांची प्रत्यक्षातली जोडणी, ज्यात मध्ये राउटर न येता एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाते. दोन्ही जमल्या तरच संगणक एकमेकांशी थेट बोलतात. आपल्याकडे सध्या दोन्ही जमलेल्या नाहीत, असे आपल्या पिंगच्या कोड्यावरून जवळजवळ खात्रीने सांगता येते.

माझा तर्क असा आहे. फायबर बसवणाऱ्यांनी दिलेला डबा हा स्वतःच एक राउटर आहे. लॅपटॉप त्याच्या वायफायला जोडला गेला आणि त्याला १९२.१६८.१.१४ हा पत्ता मिळाला. आपला जुना राउटर मात्र काढला गेला नाही. नव्या डब्यातून निघालेली केबल जुन्या राउटरच्या इंटरनेटच्या, म्हणजे वॅन असे लिहिलेल्या, पोर्टमध्ये खोचली गेली आणि मागचा संगणक त्या जुन्या राउटरच्या पाठीमागे राहिला. आता मागचा संगणक लॅपटॉपला पिंग करतो तेव्हा ते जुन्या राउटरकडे जाते. राउटर त्यावर स्वतःचा पत्ता घालून ते पुढे पाठवतो, लॅपटॉप राउटरला उत्तर देतो आणि राउटर ते उत्तर मागे पोचवतो. उलट बाजूने लॅपटॉप १९२.१६८.० या नेटवर्ककडे जाणारी पिंग नव्या डब्याकडे देतो, पण त्या डब्याला असे काही नेटवर्क आपल्याच दुकानात आहे याचा पत्ताच नसतो. म्हणून एकतर्फी उत्तर येते. पिंगला उत्तर आले म्हणजे नेटवर्क एकच, असे पुष्कळ जण समजतात, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तर्क तपासून पाहणे सोपे आहे. मागच्या संगणकावरून लॅपटॉपला पिंग करावे आणि उत्तराच्या ओळीत शेवटी असलेला टीटीएल हा आकडा पाहावा. विंडोज आपली उत्तरे १२८ या आकड्याने सोडते आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. १२८ दिसल्यास मध्ये कोणी नाही आणि १२७ दिसल्यास एक राउटर ओलांडला गेला आहे. 'ट्रेसर्ट' या कमांडपुढे लॅपटॉपचा पत्ता दिल्यास तो मधला राउटर नावानिशी नसला तरी पत्त्यानिशी पहिल्याच ओळीत दिसेल. तिसरी तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते. पिंग केल्यावर लगेच 'एआरपी -ए' ही कमांड द्यावी. तिच्या यादीत लॅपटॉपचा पत्ता आणि त्यापुढे सहा जोड्यांचा हार्डवेअर पत्ता आला, तर दोघे खरोखरच एका जोडणीवर आहेत. तेथे फक्त गेटवेचा पत्ता असेल, तर नाहीत. ही तपासणी पिंगला उत्तर आले नाही तरी उपयोगी पडते, कारण फायरवॉल पिंग अडवते, एआरपी सहसा अडवत नाही.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी एका उपायापासून सावध करतो, कारण तो फार जण सुचवतात. 'दोन्हींचा मास्क २५५.२५५.०.० करून टाका, म्हणजे नेटवर्क एक होईल' असा तो उपाय. त्याने फक्त संगणकांची समजूत बदलते, तारा बदलत नाहीत. मागचा संगणक आता लॅपटॉपला आपल्याच तारेवरचा समजून हाक मारत बसेल, मध्ये राउटर असल्याने ती हाक लॅपटॉपपर्यंत जाणार नाही आणि आज एका बाजूने तरी येणारे उत्तर तेही बंद होईल. अशा वेळी विंडोजवर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' हा निरोप संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो. त्याचा अर्थ हाक मारली, कोणी ओ दिली नाही, एवढाच असतो.

खरा उपाय असा. आजच्या आज पावत्या छापायच्या असतील, तर लॅपटॉपवर नव्या डब्याचे वायफाय सोडून जुन्या राउटरचे वायफाय निवडावे, त्यालाही १९२.१६८.० मधला पत्ता मिळेल आणि काम सुरू होईल. कायमची व्यवस्था करायची, तर जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे, त्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून नव्या नेटवर्कमधील एखादा मोकळा पत्ता द्यावा आणि नंतरच नव्या डब्याची केबल वॅन पोर्टातून काढून बाजूच्या साध्या लॅन पोर्टांपैकी एकात लावावी. हा क्रम पाळावा. केबल आधी हलवली, तर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघे होतात, ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो आणि सकाळी चालणारा प्रिंटर दुपारी का बंद पडला याचा शोध लागता लागत नाही. काही राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा तयार पर्याय असतो, तो असल्यास ही सगळी खटपट तो एका वेळी करतो. मागच्या संगणकावर पूर्वी कोणी हाताने कायमचा पत्ता भरून ठेवला असेल, तर तोही बदलावा लागेल, हे विसरू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. १७२.१६.४५.७० आणि १७२.१६.४५.१३० हे पत्ते २५५.२५५.२५५.१९२ या मास्कखाली एकाच नेटवर्कमध्ये आहेत का, असा प्रश्न आम्हाला घातला होता. माझ्याजवळच्या जुन्या पुस्तकानुसार १७२ ने सुरू होणारा पत्ता 'बी' वर्गाचा असतो आणि त्यात पहिले दोन आकडे नेटवर्कचे असतात, म्हणून मी 'होय' असे लिहिले. सरांनी ते चूक दिले. आणखी एक विचारायचे आहे : दोन संगणकांचे मास्कच वेगळे असतील तर काय होईल?
— एक विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सरांचे बरोबर आहे आणि पुस्तकाचेही त्याच्या काळापुरते बरोबर होते. १९८१ मध्ये आयपीचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात मास्क वेगळा सांगण्याची गरज नव्हती. पहिल्या आकड्यावरूनच वर्ग ठरे : १२८ ते १९१ म्हणजे बी वर्ग आणि १९२ ते २२३ म्हणजे सी वर्ग. पण बी वर्गाच्या एका नेटवर्कमध्ये ६५,५३४ संगणक मावत आणि सी वर्गाच्या नेटवर्कमध्ये केवळ २५४. बहुतेक संस्थांना पहिला आकार सैल आणि दुसरा तोकडा होई. १९८५ मध्ये एका नेटवर्कचे तुकडे पाडण्याची रीत ठरली आणि १९९३ मध्ये वर्गांची पद्धतच मोडीत काढून मास्क कोठेही तोडता येईल अशी व्यवस्था आली. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन २४ किंवा २६ असा आकडा लिहितात, तो याच व्यवस्थेतला आहे. नेटवर्कच्या वाट्याला किती बिट, म्हणजे ० किंवा १ असे द्विमान अंक, आले, एवढेच तो सांगतो. वर्ग इतिहास म्हणून शिकावेत, पण उदाहरण सोडवताना बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तके अजूनही ते पहिल्या पानावर देतात आणि विद्यार्थ्यांचा घोटाळा तेथेच सुरू होतो.

आता हिशेब पाहू. पहिल्या तीन जागी मास्क २५५ आहे आणि दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे आहेत, तेव्हा निकाल चौथ्या जागेवर लागायचा आहे. १९२ हा आकडा द्विमान पद्धतीत ११०००००० असा होतो, ७० हा ०१०००११० असा आणि १३० हा १०००००१० असा. मास्क आणि पत्ता एकाखाली एक मांडून, दोन्हीकडे १ असेल तेथेच १ आणि अन्यथा ० लिहायचे. ही क्रिया जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज गणितज्ञाच्या तर्कबीजगणितातली आहे आणि संगणक ती एका झटक्यात करतो. ७० पासून ०१०००००० म्हणजे ६४ मिळते आणि १३० पासून १००००००० म्हणजे १२८. एक संगणक १७२.१६.४५.६४ या नेटवर्कचा आहे आणि दुसरा १७२.१६.४५.१२८ या नेटवर्कचा, म्हणून उत्तर 'नाही'.

परीक्षेत वेळ कमी असल्यास २५६ मधून मास्कचा आकडा वजा करावा. २५६ वजा १९२ म्हणजे ६४, म्हणून नेटवर्क ०, ६४, १२८ आणि १९२ येथे सुरू होतात. ७० हा ६४ ते १२७ या पट्ट्यात पडतो आणि १३० पुढच्या पट्ट्यात. प्रत्येक पट्ट्यातला पहिला आकडा नेटवर्कचा म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला असतो, म्हणून ६४ पैकी ६२ च संगणकांना देता येतात.

आपला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, कारण प्रत्यक्षात बिघाड याच वळणाचे असतात. समजा, दोन्ही संगणक एकाच स्विचला, म्हणजे अनेक संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या डब्याला, जोडलेले आहेत. ७० वाल्याचा मास्क चुकून २५५.२५५.२५५.० ठेवला गेला आणि १३० वाल्याचा २५५.२५५.२५५.१९२ असा आहे. प्रत्येक संगणक फक्त स्वतःच्या मास्कने हिशेब करतो, समोरच्याचा मास्क त्याला ठाऊकही नसतो. त्यामुळे पहिला म्हणेल, 'हा माझ्याच नेटवर्कमधला आहे', आणि थेट हाक मारील. दुसरा त्या हाकेला ओ देईल, कारण एआरपीचे उत्तर देताना मास्क पाहिला जात नाही. पण प्रत्यक्ष माल परत पाठवायची वेळ आली की दुसरा म्हणेल, 'हा तर परका', आणि तो माल गेटवेकडे देईल. गेटवेला परतीची वाट माहीत असली, तर काम लांबच्या वळणाने चालू राहते आणि चूक महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. गेटवे भरलेला नसला, तर जाणे आहे पण येणे नाही. म्हणून 'हे दोघे एकाच नेटवर्कमध्ये आहेत का?' हा प्रश्न नेहमी दोन्ही संगणकांवर बसून, प्रत्येकाचा मास्क पाहून, दोनदा सोडवावा.

जाता जाता एक सूचना. संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा काल्पनिक संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) बसवलेले असल्यास 'आयपीकॉन्फिग'मध्ये १९२.१६८.५६.१ असा एक पत्ता दिसतो. मैत्रिणीच्या संगणकावरही तोच दिसेल. तो त्या त्या संगणकाच्या पोटातल्या काल्पनिक नेटवर्कचा असल्याने तुलनेसाठी धरू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात वीज जाऊन आली की काही संगणकांवर इंटरनेट बंद पडते आणि त्यांचे पत्ते १६९.२५४ ने सुरू होतात. बाकीच्यांचे पत्ते नेहमीप्रमाणे १९२.१६८.१ चे असतात. हे कोणत्या नेटवर्कमध्ये गेले?
— एक शिक्षक, तासगाव

उत्तर : ते कोणत्याही नेटवर्कमध्ये गेलेले नाहीत. त्यांना पत्ता मागूनही मिळाला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एक घेतला. पत्ते वाटणाऱ्याकडून उत्तर न आल्यास १६९.२५४ च्या राखीव पट्ट्यातला एखादा पत्ता संगणकाने स्वतः धारण करावा, अशी सोय आहे. त्याचा मास्क २५५.२५५.०.० असतो. असे दोन संगणक एकाच स्विचवर असतील, तर ते आपापसांत बोलूही शकतात, पण गेटवे नसल्यामुळे बाहेर जाऊ शकत नाहीत आणि १९२.१६८.१ वाल्यांना ते परकेच समजतात.

वीज आल्यावर संगणक लवकर सुरू झाले आणि राउटर किंवा मधला स्विच उशिरा तयार झाला, हे याचे नेहमीचे कारण आहे. आधी राउटर, मग स्विच आणि शेवटी संगणक, असा सुरू करण्याचा क्रम ठेवावा. राउटर आणि स्विच लहानशा यूपीएसवर घेता आले, तर प्रश्न बहुतांशी मिटेल. अडकलेल्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग'पुढे जागा सोडून '/रिन्यू' दिल्यास तो पुन्हा पत्ता मागतो. दर वेळी तेच ठरावीक संगणक अडकत असतील, तर मात्र त्यांच्या केबलची टोके आणि स्विचची ती पोर्टे तपासावीत.

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो आणि माझी बहीण सांगलीत. दोघांच्याही संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ निघाला आणि मास्कही एकच आहे. तुमच्या नियमाने आम्ही एकाच नेटवर्कमध्ये असायला हवे. एका मित्राने सांगितले की, 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दोघांचा आकडा सारखा आला तरच नेटवर्क एक समजायचे. हे खरे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आकड्यांचा नियम एकाच जोडणीवरच्या संगणकांपुरता आहे, हे आपल्या प्रश्नामुळे ठासून सांगता येते. १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे सर्व पत्ते हे खासगी वापरासाठी राखलेले आहेत. ही व्यवस्था सध्याच्या स्वरूपात १९९६ मध्ये नोंदली गेली. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून कोणीही, कोठेही, कोणाला न विचारता ते वापरू शकतो. बहुतेक राउटर कारखान्यातून १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊनच बाहेर पडतात, त्यामुळे साताऱ्यात आणि सांगलीत तोच आकडा निघणे यात आश्चर्य काहीच नाही. उलट, आपण दोघे खरोखर एका नेटवर्कमध्ये असता, तर एकच पत्ता दोघांना घेऊन चाललेच नसते. विंडोजने पत्त्याचा संघर्ष झाल्याची तक्रार केली असती.

मित्राची कसोटी दोन्ही बाजूंनी फसते. सांगलीच्या पेढीचे उदाहरण वर आलेच आहे. तेथील दोन्ही संगणकांवर ते संकेतस्थळ उघडले, तर एकच बाहेरचा आकडा दिसेल, कारण दोघेही शेवटी एकाच फायबरने बाहेर पडतात, तरीही त्यांची नेटवर्के वेगळी आहेत. याहून पुढची गोष्ट अशी की, आयपीच्या जुन्या पद्धतीचे मोकळे पत्ते जागतिक साठ्यात फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. तेव्हापासून पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देण्याकडे वळले आणि त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक मधला पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. आपल्या राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता म्हणून या पट्ट्यातला आकडा दिसत असेल, तर आपण अशाच सामाईक दाराने बाहेर पडत आहात, आणि मग एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या घरांचा 'माझा आयपी' सारखा येऊ शकतो.

नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या, पत्त्यांत हा गोंधळ कमी आहे. घरगुती नेटवर्कमध्ये सहसा पहिले चार गट नेटवर्कचे असतात आणि ते सारखे असले तर नेटवर्क एकच. 'एफई८०' ने सुरू होणारा पत्ता मात्र प्रत्येक संगणकाजवळ असतोच, तो तुलनेला घेऊ नये. बहिणीच्या संगणकावरच्या फायली आपल्याला घरच्याप्रमाणे उघडायच्या असतील, तर दोन घरांमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन नेटवर्के जोडणारा खासगी मार्ग, उभारावा लागेल आणि त्यासाठी पहिले काम म्हणजे दोघांपैकी एकाच्या राउटरचे नेटवर्क बदलून १९२.१६८.५० असे काहीतरी करणे. दोन्हीकडे एकच आकडे ठेवले, तर वर सांगितलेल्या हिशेबाने आपला संगणक बहिणीचा पत्ता आपल्याच घरात शोधत राहील.

प्रश्न : मिरजेत माझी अभ्यासिका आहे. विद्यार्थ्यांसाठी वायफाय आणि एक वायफाय प्रिंटर ठेवला आहे. लॅपटॉप आणि प्रिंटर दोघांचेही पत्ते १९२.१६८.२ चे, मास्क २५५.२५५.२५५.०, वायफायचे नावही तेच. तरी लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. आकडे तर जुळतात, मग अडते कोठे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आकडे जुळतात, म्हणजे लॅपटॉपची समजूत बरोबर आहे. अडते आहे ते जोडणीत. आपण विद्यार्थ्यांना बहुधा राउटरमधले पाहुण्यांचे, म्हणजे गेस्ट, वायफाय दिले असावे. त्यात एका उपकरणाची हाक दुसऱ्या उपकरणापर्यंत जाऊ न देण्याची सोय चालू असते. राउटरच्या पानावर तिला 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' असे म्हटलेले आढळते. लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग करून 'एआरपी -ए' पाहावे. प्रिंटरचा हार्डवेअर पत्ता यादीत आला नाही, तर दोष याच ठिकाणी आहे. पत्ता आला आणि तरीही छपाई होत नाही, तर लॅपटॉपवरील प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा फायरवॉल तपासावी. दोन संगणकांमध्ये असे झाल्यास विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक' धरले आहे का, हे पाहावे. तसे असल्यास तो संगणक आपले अस्तित्व शेजाऱ्यांना दाखवत नाही आणि पिंगलाही उत्तर देत नाही.

तरीही ही सोय सरसकट बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. अभ्यासिकेत रोज नवे लॅपटॉप येतात, त्यांतल्या एखाद्यातला व्हायरस दुसऱ्यापर्यंत पोचू नये यासाठीच ती आहे. प्रिंटर आपल्या स्वतःच्या मुख्य वायफायवर घ्यावा, त्याचा पासवर्ड विद्यार्थ्यांना देऊ नये, आणि काउंटरवरच्या एका संगणकावरून, मुलांनी ईमेलने पाठवलेली पाने छापून द्यावीत.